चार बोटं नवा बर्फ

आज सकाळी खिडकीची काच कोरडी होती.

बहारीनच्या जुफैरमध्ये राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मे महिन्यापासून रोज सकाळी काचेला बाहेरून पाणी सुटलेलं असतं. आत एसी, बाहेर समुद्राची वाफ, आणि मधे ती बिचारी काच घाम गाळत उभी. दार उघडून पाऊल बाहेर टाकलं की चष्मा पांढरा. मग ऑक्टोबरात एक दिवस असा येतो की काच कोरडी, समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले टॉवेल स्पष्ट दिसतात, आणि खाली टॅक्सीवाला खिडक्या उघड्या टाकून मजेत बसलेला असतो. ऑफिसात लोक एकमेकांना बातमी सांगतात, वेदर चेंज झालं म्हणून. जसं काही बाकीच्यांना चामडीच नाही! शुक्रवारी समुद्रावर जायचे, सखीरकडे वाळवंटात तंबू ठोकायचे बेत सुरू होतात. कोणाच्या तोंडावर राग म्हणून राहत नाही.

मला मात्र ती कोरडी काच नको असते. इथं हवा गोड झाली की तिकडं वर, जॉर्जियातल्या कॉकेशसच्या डोंगरांत, नवा बर्फ पडायला लागतो. आणि तो पडला की त्या वर्षीचा शोध संपला. माझा नवरा गौतम चार वर्षांपूर्वी अशाच ऑक्टोबरात तिथल्या एका हिमनदीच्या भेगेत पडला, आणि अजून सापडलेला नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वरचा बर्फ वितळून हिमनदी उघडी पडते, तेव्हा आमचा त्या वेळचा गाइड गिओ वर जातो, एकेका भेगेत डोकावतो आणि मला निरोप पाठवतो. त्या एका निरोपावर माझा जीव वर्षभर टांगणीला लागलेला असतो.

गौतम आणि मी नागपूरला पॉलिटेक्निकात एकाच वर्गात होतो, त्यामुळं लग्नानंतरही आमची तू-तुकारीच. सासूबाईंना सुरुवातीला ते पचलं नाही. इथं सित्र्याच्या एका प्लांटमध्ये तो सेफ्टी ऑफिसर होता आणि मी त्याच प्लांटच्या ऑफिसात. सकाळी एकाच कंपनीच्या बसनं जायचो. तो खिडकीकडे, मी आतल्या बाजूला, आणि सित्र्याचा पूल येईपर्यंत त्याचा डोळा लागलेला.

त्याची एक खोड होती. प्लांटमध्ये जमिनीवरची लोखंडी जाळी कोणी उचलली, कुठं खड्डा खणला, की पहिलं काम म्हणजे भोवती लाल-पांढरी टेप बांधायची. भोक दिसलं की टेप. नियमच तो. पण गौतमच्या ते हाडीमांसी खिळलं होतं. टेपचा एक रोल कायम बॅगेत. शाळेच्या पिकनिकला गटाराचं झाकण तुटलेलं दिसलं, हा आपला चार खुर्च्या लावून टेप बांधत बसला. घरात आमच्या लेकीनं, मैत्रीनं, दूध सांडलं तर मी फडकं आणेपर्यंत स्वयंपाकघरात टेप! मी कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, ‘अरे बाप्पा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही बरं!’ तो हसायचा, मी हसायची, पोरगी हसायची. आता ही म्हण कोणाच्या तोंडून ऐकली तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

जॉर्जियाचं खूळ मैत्रीचं. ती जन्मली इथं, बर्फ पाहिला तो फ्रीझरमधला. तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि वर्गातल्या निम्म्या पोरी जॉर्जियाला जाऊन बर्फात फोटो काढून आलेल्या. तीन-साडेतीन तासांचं विमान, व्हिसाची कटकट नाही, शाळेला सुट्टी. आमच्याच मजल्यावर ग्रेसी राहते, वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिला म्हटलं येतेस का, तर ती आमच्याआधी स्वेटर घेऊन तयार. असे आम्ही चौघं गेलो. मी बॅग भरत होते तेव्हा टेपचा रोल आधीच तळाशी ठेवलेला होता. मी तो काढला नाही. जड थोडाच होता.

काय काय आठवतं? बुटांना बांधलेले लोखंडी काटे बर्फात रुतताना होणारा करकर आवाज. नाकाला कसलाच वास नाही. सित्र्यात इतकी वर्षं काढल्यावर वास नसलेली हवा नाकाला टोचते. ऊन असं की डोळे मिटले तरी आत लाल. आणि पायाखाली कुठंतरी खोल पाणी वाहिल्याचा आवाज, शेजारच्या घरात नळ चालू राहिल्यासारखा. वाटेतली ट्रेकर्सची खोली कुलूप लावून बंद केलेली होती. सीझन संपला, गिओ म्हणाला. त्या आख्ख्या पांढऱ्या पसाऱ्यात आम्ही चौघं आणि तो, बाकी कोणी नाही. मैत्री मला म्हणाली, ‘मम्मा, इट्स सो क्वाएट,’ आणि मी तिच्या थंडगार गालांवर माझे हातमोजे दाबले. त्या क्षणी मी सुखी होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

गिओनं सुरुवातीलाच सगळं समजावून सांगितलं होतं. त्याला मी कधीच दोष दिला नाही आणि देणार नाही. मोडक्या इंग्रजीत, बोटं दाखवून दाखवून तो सांगत होता. ऑगस्टमध्ये इथं नुसता उघडा बर्फ असतो, भेगा दिसतात, माणूस वळसा घालून जातो. ऑक्टोबरात वर नवा बर्फ पडतो आणि भेगांवर झाकण बसतं. हे एवढं, चार बोटं जाड. वरून पाहिलं तर जमीनच. पण चार बोटांवर माणूस उभा राहत नाही. म्हणून सगळे एका दोरीत, एकामागं एक, माझ्या पावलावर पाऊल. आणि कुठं भोक दिसलं तर लक्षात ठेवा, जे दिसतं ते फक्त कोसळलेलं तेवढं. उरलेलं भोक आजूबाजूला झाकणाखाली असतं. गौतम शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. त्यानं एक प्रश्नही विचारला, दोरी किती किलो पेलते म्हणून.

मग आम्ही एका उघड्या, टणक जागी थांबलो. गिओनं बजावलं, इथून हलू नका, मी पुढची वाट काठीनं टोचून पाहून येतो. तो तीसेक पावलं पुढं गेला. ग्रेसी थर्मास काढत होती. आमच्यापासून दहा पावलांवर बर्फात एक भोक होतं, सुपाएवढं, आत निळं-निळं. मैत्री मोबाइल काढून मान लांब करून तिकडं पाहायला लागली.

‘कोनी तिकडं जायचं नाही,’ गौतम म्हणाला. ‘उघड्या भोकाले टेप नाही, पोरगी हिंडून राहिली, असं कसं चालन?’

‘अरे, गिओ काय म्हणाला आत्ता?’ मी म्हटलं.

‘दोन मिनिटाचं काम आहे व. काहून भेऊन राहिली?’

कमरेची दोरीची कडी त्यानं सोडली. आमच्या चालायच्या काठ्या घेतल्या, बॅगेतून रोल काढला. एक काठी रोवली. दुसरी रोवली, टेप गुंडाळली. प्लांटमध्ये भोकाची कड म्हणजे लोखंड किंवा काँक्रीट असतं, त्यावर हत्ती उभा करा. वीस वर्षं त्याचे पाय तशा कडेवर उभे राहिलेले. कानांनी गिओचं ऐकलं, पण पायांनी ऐकलं नाही. तिसरी काठी रोवायला तो वाकला आणि कड खाली गेली. ओरडला नाही. टेप तेवढी रोवलेल्या काठीपासून भराभरा उलगडत आत जात राहिली. मग थांबली.

बचावाची माणसं आली. दोन दिवस उतरत होती. भेग खाली अरुंद होत जाते आणि तळाशी पाणी वाहतं, एका जागेपलीकडं माणूस जाऊच शकत नाही. तिसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं आणि सगळं मिटून गेलं. दहा पावलं कुठली, कोणती जागा, काही ओळखू येईना. गिओ माझ्यासमोर गुडघ्यावर बसून रडला. म्हणाला, हिमनदी चालते, मॅडम, हळूहळू खाली सरकते. आत गेलेलं ती कधीतरी खाली आणून सोडते. दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी, किंवा पुढच्याच वर्षी. दर वर्षी, बर्फ उघडा असताना, मी पाहायला जाईन. मी प्रॉमिस करतो. मी ते प्रॉमिस दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

विमान बहारीनला उतरलं तेव्हा बाहेर असंच छान हवामान होतं. घरी आलो तर गौतमचा टॉवेल बाल्कनीत वाळलेला होता.

त्या दिवसापासून ‘मेला’ हा शब्द मी माझ्या घरात कोणाला उच्चारू दिलेला नाही. कागदोपत्री काय लिहायचं ते लोकांनी लिहिलं, मी सह्या केल्या, पण तोंडानं नाही. आमच्यात माणूस गेला की जलदान विधी करतात, पांढरे कपडे घालून त्रिशरण-पंचशील म्हणतात, चार लोक गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. मी तो होऊ दिला नाही. इथली आमची मंडळी चांगली आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हॉल घेऊन जमतात, मला बोलवायला दरवर्षी घरी येतात. मी चहा करते, ‘बघते’ म्हणते, आणि जात नाही. तिथं गेले तर कोणीतरी हळूच विधीचा विषय काढेल ही धास्ती.

सासूबाई उमरेडजवळच्या गावी राहतात. अंगणवाडीत मदतनीस होत्या. ऑक्टोबर लागला की त्यांचा फोन येतो. इकडचं-तिकडचं काही नाही, थेट विचारतात, ‘वैशू, काय म्हनते तो बर्फवाला?’

‘नाही सापडला, आई.’

‘बरं.’ मग लगेच, ‘जेवली काय?’

एकदा मी चिडून त्यांना म्हटलं, आपण आत्मा मानत नाही ना, मग शरीर मिळालं काय आणि न मिळालं काय, कशाला दरवर्षी विचारता? म्हणाल्या, ‘आत्मा नाही मानत व माय. पन माह्या डोयाइले काय सांगू? त्याइनं तर पोरगं जाताना पाह्यलं, मेलेलं नाही पाह्यलं.’ माझ्या डोळ्यांचीही तीच तऱ्हा. मी तर जातानाही नीट पाहिलं नाही, मी थर्मासच्या झाकणाकडं हात केला होता.

ग्रेसीचं आणि माझं ‘मेला’ या शब्दावरूनच वाजलं. नोव्हेंबराच्या सुरुवातीला तिची माणसं मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात. पहिल्याच वर्षी ती मला सहज म्हणाली, ‘गौतमसाठी पण एक लावली गं मी.’ माझं डोकंच फिरलं. मी तिला म्हटलं, ‘तुला कोणी सांगितलं तो मेला म्हणून? तू पाहिलंस?’ ती माझ्याकडं पाहतच राहिली, कारण तिनं पाहिलं होतं. माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती बांगड्याचं कालवण घेऊन आली. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

गिओशी बोलणं मैत्रीच्या मोबाइलवरून चालायचं. ती आता पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी सांगायची आणि ती टाइप करायची. सप्टेंबर लागला की माझं तुणतुणं सुरू, ‘विचार त्याला, कधी जातोस.’ तो तारीख कळवायचा. जायचा. मग फोटो यायचे, राखाडी बर्फाचे, निळ्या फटींचे. ‘नॉट धिस इयर, मॅडम. सॉरी.’ मी ते फोटो मोठे करकरून पाहायची. कुठं लाल-पांढरं काही दिसतं का.

या वर्षी सप्टेंबर गेला तरी निरोप नाही. मी मैत्रीच्या डोक्यावर बसले. गिओचं उत्तर आलं ते असं की उन्हाळाभर त्याचा गुडघा प्लास्टरमध्ये होता. आता चालता येतं. नेहमी जो चुलतभाऊ बरोबर यायचा, तो कामासाठी परदेशी गेला. वर बर्फ या वर्षी लवकर पडला आहे. पण मॅडम, काळजी करू नका, प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस. शुक्रवारी जातो.

मैत्रीनं मोबाइल टेबलावर ठेवला. ‘मम्मा, ही इज गोइंग अलोन.’

‘तो जाणकार माणूस आहे,’ मी म्हटलं. ‘लहानपणापासून बर्फात वाढलाय.’

‘देअर इज न्यू स्नो, मम्मा. यू नो व्हॉट दॅट मीन्स.’

‘तू लिही, ओके थँक्स म्हणून.’

‘यू राइट इट,’ ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मी ओरडले तरी असते.

मीच लिहिलं. ओके, थँक्स. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की या वर्षी तो गेला नाही आणि नेमकं याच वर्षी हिमनदीनं गौतमला वर आणलं असलं तर? पुढच्या वर्षीपर्यंत पुन्हा गाडला जाईल. माणूस स्वार्थी झाला की किती साधेपणानं होतो.

आज काच कोरडी पाहिली, बस पकडली, ऑफिसात आले. माझं टेबल परमिटचं आहे. प्लांटमध्ये कुठलंही धोक्याचं काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी लागते, ते फॉर्म माझ्याकडून पुढं सहीला जातात. दहाच्या सुमारास एक सुपरवायझर फॉर्म घेऊन आला. टाकीत माणूस उतरणार होता. अशा वेळी टाकीच्या तोंडाशी बाहेर एक माणूस उभा पाहिजे. आतला बाहेर येईपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही. फॉर्मवर त्याच्या नावाची जागा मोकळी होती.

‘बाहर कौन खड़ा रहेगा?’ मी विचारलं.

‘मॅडम, आदमी मफी आज, कोई नहीं है. पाँच मिनट का काम है, यल्ला, आगे भेज दो.’

माझा आवाज चढला. ‘पाँच मिनट में आदमी मरता नहीं क्या? उसका घर नहीं है? बीवी-बच्चे नहीं हैं? अकेला अंदर भेजेगा उसको?’ सगळं ऑफिस वळून पाहायला लागलं. तो बिचारा फॉर्म उचलून निघून गेला. आणि मी बोललेलं माझ्याच कानात परत आलं. अकेला. बीवी-बच्चे. गिओला एक छोटी मुलगी आहे. पहिल्या वर्षी त्यानं तिचा फोटो पाठवला होता, पुढचे दोन दात पडलेले.

मी उठून मागच्या जिन्यावर गेले. चार वर्षांत मी त्याला कधी फोन केला नव्हता. सगळे निरोप मैत्रीच्या बोटांनी गेले, त्याचा आवाज ऐकायची माझी छाती नव्हती. फोन लगेच उचलला गेला.

‘गिओ,’ मी म्हटलं, ‘फ्रायडे, नो गो.’

‘नो प्रॉब्लेम, मॅडम. आय गो स्लो. आय हॅव स्टिक.’

‘नो. नॉट फ्रायडे, नॉट नेक्स्ट इयर. फिनिश.’

तो म्हणाला, ‘अँड गौतम, मॅडम?’

जिन्यावरून प्लांटची धुराडी दिसत होती. हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडचा समुद्रही दिसत होता. सासूबाईंना, ग्रेसीला, माझ्या पोटच्या पोरीला जे मी चार वर्षं म्हणू दिलं नाही, ते त्या परक्या माणसाला मोडक्या इंग्रजीत म्हटलं. ‘गौतम इज डेड, गिओ. यू स्टे होम.’

मला वाटलं तो वाद घालेल, प्रॉमिसची आठवण देईल. तिकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. मग त्यानं फोन बाजूला धरून घरात कोणाला तरी आपल्या भाषेत दोन शब्द सांगितले, आणि मागं एक बाई हुंदके देऊन रडायला लागली. ते रडणं कसलं आहे, हे कळायला भाषा लागत नाही.

‘थँक यू,’ तो म्हणाला. ‘थँक यू, मॅडम. थँक यू.’

म्हणजे चार वर्षं हा माणूस भीत भीत वर जात होता. बायकोला घरात रडती ठेवून जात होता. आणि मी दरवर्षी विचारत होते, कधी जातोस म्हणून.